घरातले पैशाचे कागद: तीन महिन्यांच्या नोंदी

११ जानेवारी

आज कामाला हात घातला. कारण लिहून ठेवते, मधेच कंटाळा आला तर वाचायला उपयोगी पडेल.

घराचं कर्ज सहा वर्षांपूर्वी फिटलं. शेवटचा हप्ता गेला त्या दिवशी सुटकेचा निःश्वास टाकला आणि कर्जाची फाईल माळ्यावर गेली. मागच्या महिन्यात दुसऱ्याच एका कामासाठी घराची कागदपत्रं काढली, तेव्हा कळलं की सरकारी दप्तरात त्या कर्जाचा बोजा अजून तसाच आहे. कर्ज फिटणं वेगळं आणि बोजा उतरणं वेगळं. कर्ज देणाऱ्या संस्थेनं कळवायचं राहिलं, आम्ही विचारायचं राहिलं. आता बोजा उतरवायचा तर थकबाकी नसल्याचा दाखला हवा, आणि तोही मूळ. तीन संध्याकाळी शोधला. शेवटी वॉशिंग मशीनच्या गॅरंटी कार्डाच्या पाकिटात सापडला, बसल्या जागेपासून चार हातांवर. काखेत कळसा म्हणतात तसंच झालं.

त्या तीन संध्याकाळी एक गोष्ट मनाला लागली. दाखला मी ठेवला होता आणि शोधतही मीच होते. नवऱ्यावर एकट्यानं शोधायची वेळ आली असती तर?

१२ जानेवारी

आज काहीही लावायचं नाही, फक्त गोळा करायचं, असं ठरवलं. घरात नऊ ठिकाणी कागद निघाले. कपाटाचा खण आणि माळ्यावरची पेटी माहीत होती. पण नवऱ्याची ऑफिसची जुनी बॅग, आईच्या खोलीतली बिस्किटांची पत्र्याची पेटी, शिवणयंत्राखालचा कप्पा आणि एका शब्दकोशाच्या पानांमध्येही पैशाचे कागद असतील हे लक्षातच नव्हतं. सगळं एका खोलीत आणून वजनकाट्यावर ठेवलं: २७ किलो.

एक कागद हातात आला की वाचत बसायचा मोह होतो, आणि मग दुपार त्यातच जाते. म्हणून घड्याळ लावून तासभर नुसतं उचलून आणायचं काम केलं.

१८ जानेवारी

चुकीची सुरुवात झाली, ती नोंदवते. बँक, विमा, कर, घर, वाहन, आजारपण असे सहा ढीग पाडले, कारण बाजारातल्या फाईलींवर तशीच लेबलं असतात. दोन तासांत अडकले. घरकर्जाच्या व्याजाचा वार्षिक दाखला कुठे घालू? बँकेनं दिला, करासाठी लागतो, घराचा आहे. दवाखान्याचं बिल आजारपणात की विम्यात? आईच्या मुदत ठेवीची पावती बँकेत की आईच्या ढिगात? जवळजवळ प्रत्येक महत्त्वाच्या कागदाला दोन-दोन घरं होती. निरुपयोगी कागद मात्र बिनबोभाट एकाच ढिगात जाऊन बसत होते.

आई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, “अगं, हा कागद कोण मागणार आहे ते बघ ना. मागणाराच नसेल तर ठेवतेस कशाला?”

ती आयुष्यभर शाळेच्या कार्यालयात काम करत आली. तिच्यासाठी हा साधा प्रश्न होता.

१९ जानेवारी

सगळे ढीग मोडले. प्रत्येक कागद हातात घेऊन तीन गोष्टी विचारायच्या: हा कशाचा पुरावा आहे, तो पुरावा कोण मागेल, आणि ते मागणं कधी संपेल. उत्तर पिवळ्या चिठ्ठीवर लिहायचं. “पावती” किंवा “पत्र” असं नाही, तर “घर आमचं आहे हे दाखवायला”, “या विम्याचा दावा करायला”, “कर भरला हे सिद्ध करायला”.

व्याजाच्या दाखल्याचा पेच लगेच सुटला. तो मागणार कर खातं, म्हणून त्या वर्षाच्या कराच्या पाकिटात. थकबाकी नसल्याचा दाखला मात्र घर विकताना घेणारा मागेल, म्हणून तो खरेदीखताच्या शेजारी. दोन्ही कागद एकाच बँकेचे आणि एकाच कर्जाचे, तरी जागा वेगळ्या.

हा क्रम लावताना काम हळू होतं. आज चार तासांत जेमतेम तीन किलो झालं. पण परत हात लावायची गरज पडलेली नाही.

२५ जानेवारी

आजचा दिवस पांढऱ्या पावत्यांचा.

फ्रिज, पाण्याचं शुद्धीकरण यंत्र, चष्मा, लॅपटॉप: चौदा खरेदी पावत्या पूर्ण कोऱ्या झाल्यात. हा थर्मल कागद, दुकानातल्या छोट्या यंत्रातून येतो तो. त्यात शाई नसतेच. कागदावरच्या थरात रंगद्रव्य आणि त्याला रंग आणणारं आम्ल शेजारी शेजारी असतं. छपाईच्या उष्णतेनं थर वितळतो, दोन्ही एकत्र येतात आणि तिथे काळं उमटतं. ही जोडी तुटली की अक्षर पुसट होत जातं. ऊन आणि उष्णता त्याला कारण होतातच, पण सगळ्यात वाईट म्हणजे हातांचं तेल आणि मऊ पीव्हीसी प्लास्टिकमधली द्रव्यं. म्हणजे ज्या चकचकीत पारदर्शक पाकिटांत मी त्या जपून ठेवल्या होत्या, त्या पाकिटांनीच त्या पुसल्या. उघड्या खणात पडलेल्या पावत्यांवरची अक्षरं त्यामानानं बरी आहेत.

एक पावती वाचवायच्या घाईत नवऱ्यानं लॅमिनेट करायला घेतली. यंत्रातून बाहेर आली ती अख्खी काळी. उष्णतेनंच छपाई होते म्हटल्यावर तसंच होणार, पण दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

यापुढचा नियम: थर्मल पावती घरात आली की त्याच दिवशी फोटो किंवा साधी झेरॉक्स, आणि झेरॉक्सच्या मागे मूळ पावती. पारदर्शक पाकिटं हवीच असतील तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरची. पीव्हीसीची सगळी काढली.

२६ जानेवारी

टाचण्या, स्टेपल, रबर बँड आणि चिकटपट्टी काढण्यात पूर्ण दिवस गेला. कंटाळवाणं काम, पण टाळून चालणार नाही. आईच्या जुन्या ठेवींच्या पावत्यांमधल्या टाचण्या गंजून कागदाला भोकं पडलीत. रबर बँड वितळून गठ्ठ्याला चिकटलेत, सोडवताना वरच्या कागदाचा पापुद्रा निघाला. चिकटपट्टीचा डिंक पिवळा होऊन अक्षरांत मुरलाय, त्याला हात लावला नाही. जोर केला तर अक्षरच निघेल.

आता पानं एकत्र ठेवायला कागदाचीच घडी: कोऱ्या कागदाचा दुमडलेला पुठ्ठा, आत तो संच, वर पेन्सिलीनं नाव. मूळ दस्तावर पेननं काही लिहायचं नाही, भोक पाडायचं नाही. आणि लॅमिनेशन तर मुळीच नाही. लॅमिनेट केलेला दस्त परत मोकळा करता येत नाही, शिक्का किंवा सही बोटानं तपासता येत नाही, आणि म्हणून काही ठिकाणी तो स्वीकारायलाही कां-कूं करतात.

२ फेब्रुवारी

काय ठेवायचं आणि किती दिवस, हा सगळ्यात मोठा भाग. यावर दोन आठवडे विचार चाललाय. तयार यादी वापरून बघितली, पण यादीत कागदाचा प्रकार असतो आणि मुदत. माझ्या अनुभवात मुदत कागदाला नसते, त्या कागदावरच्या मागण्याला असते.

वीज, पाणी, फोनची बिलं: पुढच्या बिलात आधीचा भरणा जमा दिसला की मागणं संपलं. दोन महिन्यांत रद्दी. फक्त पत्त्याचा पुरावा म्हणून लागतं तेव्हाचं शेवटचं एक ठेवायचं. इथेच सात किलो कमी झाले.

कराचे कागद: खातं जुनं विवरणपत्र किती वर्षांपर्यंत पुन्हा उघडू शकतं, ती मुदत बघायची. ती प्रत्येक ठिकाणी वेगळी असते, आणि लपवाछपवीचा संशय असेल तर लांबते. चूक होते ती मोजणीत. उत्पन्न ज्या वर्षाचं, त्यापासून मोजू नये. मुदत बहुधा त्यानंतरच्या, विवरणपत्र भरण्याच्या किंवा तपासण्याच्या काळाशी जोडलेली असते. मी आमच्या मुदतीवर एक वर्ष वाढवून घेतलं.

खरेदी केलेली मालमत्ता आणि गुंतवणूक: हे मला आधी कळलं नव्हतं. वीस वर्षांपूर्वी घेतलेल्या समभागांची खरेदीची चिठ्ठी “जुनी” म्हणून टाकायला निघाले होते. पण विकताना नफा ठरतो तो खरेदीच्या किमतीवरून. म्हणजे तिचं खरं काम अजून सुरूच झालेलं नाही. विक्री होईपर्यंत ती ठेवायची, आणि विक्रीनंतर कराची मुदत सुरू होते तीही पूर्ण होईपर्यंत. घरात केलेल्या मोठ्या बांधकामाची बिलंही याच वर्गातली, कारण बऱ्याच ठिकाणी तो खर्च घराच्या किमतीत धरता येतो. बक्षीस किंवा वारसा म्हणून आलेल्या वस्तूंसाठी त्यावेळचं मूल्यांकन.

संपलेला विमा: मुदत संपली म्हणून फाडायचा नाही. मुदतीत घडलेल्या गोष्टीचा दावा नंतर येऊ शकतो. वाहनाचा आणि दायित्वाचा (आपल्यामुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा) विमा असेल तर हे जास्तच.

जन्म, लग्न, मृत्यू, नोकरीची सेवा, निवृत्तिवेतन, मृत्युपत्र: मागणं कधीच संपत नाही. कायम.

आणि एक वर्ग असा की त्याचा विचारच केला नव्हता. नवऱ्याच्या बॅगेत एका मित्राच्या कर्जासाठी दिलेला जामीन निघाला, नऊ वर्षांपूर्वीचा. “ते तर केव्हाच फिटलं असेल,” तो म्हणाला. असेल, पण फिटल्याचा कागद आपल्याकडे आहे का? कर्ज मित्राचं असलं तरी मागणं आपल्यावर येऊ शकतं. त्यानं तिथल्या तिथे मित्राला फोन लावला.

५ फेब्रुवारी

मित्राचं कर्ज चार वर्षांपूर्वी फिटलंय. त्यानं खातं बंद झाल्याच्या पत्राची प्रत पाठवली. जामिनाच्या कागदामागे लावली. नवरा नंतर बराच वेळ त्या दोन कागदांकडे बघत बसला होता.

८ फेब्रुवारी

स्कॅनिंग. ३०० डीपीआय, म्हणजे इंचाला ३०० ठिपके, पुरतं. अक्षरं स्वच्छ येतात आणि फाईल आवाक्यात राहते. फिकट झालेल्या पावत्यांसाठी ६०० वर आणि रंगीत, कारण रंगीत स्कॅनमध्ये पुसट अक्षर वेगळं काढता येतं. साठवण पीडीएफ/ए प्रकारात, म्हणजे दीर्घकाळ जपायच्या फाईलींसाठीच्या पीडीएफमध्ये. हा २००५ साली आंतरराष्ट्रीय मानक झाला आणि त्याची अट अशी की दस्त दाखवायला लागणारं सगळं, अक्षरांचे साचेसुद्धा, फाईलच्या आतच असायला हवं. पुढे कुठलं सॉफ्टवेअर राहील आणि कुठलं जाईल यावर अवलंबून राहायला नको.

नावात वर्ष आधी, मग महिना, मग दिवस: २०१९-०३-२८-घरकर्ज-थकबाकी-नाही. संगणक आपोआप काळाच्या क्रमानं लावतो. पहिल्या दिवशी “स्कॅन००४७” अशी नावं तशीच राहू दिली आणि दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या फाईली पुन्हा उघडाव्या लागल्या.

स्कॅन झालं म्हणून मूळ कागद फेकायचा नाही, अशी एक वेगळी यादी केली: खरेदीखत, मृत्युपत्र, मूळ सही किंवा शिक्क्याचे करार, ठेवींच्या मूळ पावत्या. यांची प्रत शोधायला उपयोगी पडते, सिद्ध करायला नाही.

प्रती तीन, दोन वेगवेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर. छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी हा नियम आपल्या छायाचित्रांच्या साठवणीसाठी मांडला, पण कागदांनाही तंतोतंत लागू पडतो. घराबाहेरची प्रत धाकट्या बहिणीकडे, पासवर्डनं कुलूपबंद केलेल्या डिस्कवर.

१५ फेब्रुवारी

आज लक्षात आलं की अर्धे कागद कागदच नाहीत. बँकेची विवरणं, म्युच्युअल फंडाचे तपशील, दोन विमा पॉलिसी फक्त ई-मेलमध्ये. घरातल्या कुठल्याच पेटीत त्यांचा मागमूस नाही. उद्या मी नसले तर ही खाती आहेत हेच कुणाला कळणार नाही.

दुसरी गोष्ट: संकेतस्थळावर जुनी विवरणं ठरावीक काळच दिसतात. खातं बंद केलं की तो दरवाजाही बहुधा बंद. तीन वर्षांपूर्वी बंद केलेल्या एका खात्याचं काहीच मिळालं नाही. आता प्रत्येक वर्षअखेरीस उतरवून घेणार. काही फाईलींना पासवर्ड आहेत, जन्मतारखेच्या मिश्रणातून बनलेले. ते उघडून साध्या प्रतीत ठेवले आणि त्या प्रती ज्या डिस्कवर आहेत ती अख्खी डिस्क कुलूपबंद केली. कुलूप एकच हवं, आणि त्याची किल्ली दोघांना माहीत हवी.

एक पान लिहिलं. संस्थेचं नाव, खात्याचे शेवटचे चार आकडे, कशासाठी आहे, नॉमिनी कोण, मूळ कागद कुठल्या पाकिटात. पासवर्ड या पानावर नाहीत. नॉमिनीचा रकाना भरताना दोन धक्के बसले. एका ठेवीला नॉमिनीच नाही. दुसरीला बाबांचं नाव, आणि त्यांना जाऊन अकरा वर्षं झाली. दोन्ही अर्ज सोमवारी.

२२ फेब्रुवारी

आगीपासून वाचवणारी पेटी घ्यायचा विचार होता. थोडं वाचलं. कागदासाठीच्या पेटीची नेहमीची कसोटी अशी की बाहेर आग असताना आतलं तापमान ठरलेल्या वेळेपर्यंत १७७ अंश सेल्सिअसच्या वर जाता कामा नये. कागद तेवढं सोसतो. पेन ड्राइव्ह किंवा डिस्क सोसत नाही. त्यांच्यासाठीच्या पेट्यांची मर्यादा ५२ अंश आहे. म्हणजे साध्या पेटीत दोन्ही एकत्र ठेवले तर आगीनंतर कागद मिळतील, डिस्क नाही. बहिणीकडची प्रत हेच त्याचं उत्तर.

शिवाय अशा पेटीच्या भिंतींतलं द्रव्य ओलावा धरून असतं, आगीत तोच उपयोगी पडतो. एरवी मात्र आतली हवा दमट होते. म्हणून मूळ दस्त पॉलिएस्टरच्या पाकिटात, सिलिका जेलची पुडी, आणि दर महिन्याला झाकण उघडून वारा देणं. छोटी पेटी घेतली, फक्त “कायम”वाल्या कागदांसाठी. बाकीचे साध्या बॉक्स फाईलींत, जमिनीपासून फूटभर वर, बाहेरच्या भिंतीला न टेकवता. कसर दमट अंधारात येते.

१ मार्च

परीक्षा. मी खुर्चीवर बसले, बोलायचं नाही असं ठरलं. नवऱ्याला पाच चिठ्ठ्या दिल्या: दवाखान्यात दाखल होताना लागणारा विम्याचा कागद, घरकर्जाची थकबाकी नसल्याचा दाखला, आईच्या ठेवीची मुदत, लॅपटॉपची पावती, तीन वर्षांपूर्वीचा कर भरल्याचा पुरावा.

तीन मिळाले. विम्याला त्याला अकरा मिनिटं लागली, आणि ती चिठ्ठी सगळ्यात निकडीची होती. लॅपटॉपची पावती मिळालीच नाही, कारण मी ती “दावा करायला: कंपनी” या पाकिटात ठेवली होती आणि तो “वस्तू” शोधत होता.

मला वाईट वाटलं. सात आठवडे काम करून मी माझ्याच डोक्याचा नकाशा बनवला होता.

२ मार्च

जपानी अर्थतज्ज्ञ युकिओ नोगुची यांनी १९९३ मध्ये मांडलेली एक पद्धत आठवली. सगळी पाकिटं एका रांगेत उभी, वर्गवारी नाही. जे वापरलं ते परत ठेवताना डाव्या टोकाला. लागणारे कागद आपोआप डावीकडे जमतात, न लागणारे उजवीकडे सरकतात. एकट्या माणसाच्या चालू कामासाठी फारच सुंदर. पण ती “मी हे अलीकडे कधी काढलं होतं” या आठवणीवर चालते, आणि ती आठवण नवऱ्याजवळ नाही. चालू कागदांच्या एका खणासाठी ती घेतली, बाकीला नाही.

पाकिटांची नावं मात्र नवऱ्यानंच त्याच्या अक्षरात पुन्हा लिहिली. मी मागणाऱ्याच्या नावानं लावलं होतं. त्यानं प्रसंगाच्या नावानं लिहिलं. “दवाखान्यात जायचंय.” “घर विकायचंय.” “वस्तू बिघडली.” “कर खात्याचं पत्र आलं.” “कुणी गेलं तर.” मागणारा तोच राहिला, फक्त माणूस कुठल्या मनःस्थितीत कपाट उघडेल हे त्याला माझ्यापेक्षा जास्त कळलं. “दवाखान्यात जायचंय” लाल रंगात, दाराच्या सगळ्यात जवळ.

१६ मार्च

फाडायचं काम. अकरा किलो. सही, खाते क्रमांक, जन्मतारीख असलेलं काहीही रद्दीत देणार नाही. हातानं फाडणं पुरत नाही आणि पट्ट्या पाडणाऱ्या यंत्राच्या पट्ट्या पुन्हा जुळवता येतात, म्हणून आडवे-उभे तुकडे करणारं यंत्र. कागद फाडण्याच्या जर्मन मानकात पी-४ पातळी म्हणजे तुकडा जास्तीत जास्त १६० चौरस मिलिमीटर. घरासाठी तेवढं योग्य वाटलं. यंत्र तापतं, मधे मधे थांबावं लागतं.

आईच्या पेटीतलं १९७८ सालचं पासबुक यंत्रापर्यंत पोचलं नाही. खातं कधीच बंद झालंय, मागणारं कुणी नाही. तिला विचारलं. तिनं ते उघडून पहिल्या पगाराची नोंद दाखवली आणि परत पेटीत ठेवलं. मी काही बोलले नाही.

५ एप्रिल

महिन्याला एक तास, पहिल्या शनिवारी. आलेल्या प्रत्येक पत्रावर पेन्सिलीनं मिळाल्याची तारीख, उत्तर दिलं की त्याची तारीख. इटालियन गणितज्ञ लुका पाचोली यांनी १४९४ मध्ये व्हेनिसला छापलेल्या ग्रंथात व्यापाऱ्यांना हेच सांगितलंय, जमाखर्चाच्या भागातच. आजच्या तासात नॉमिनीच्या दोन्ही अर्जांची पोच लागली, बोजा उतरल्याची नोंद आली, दोन्ही जागच्या जागी गेले. ४० मिनिटं लागली.

पुन्हा पाच चिठ्ठ्या दिल्या, या वेळी नव्या. विम्याचा कागद दीड मिनिटात. पाचही मिळाले, सगळ्यात जास्त वेळ चार मिनिटं. मग नवरा म्हणाला, “आता तू बस, मी विचारतो. आगीच्या पेटीची दुसरी किल्ली कुठे आहे?”

ती कुठल्याही पाकिटात नाही. बहिणीकडे असावी. उद्या फोन करून विचारायचं, आणि त्या एका पानावर ओळ वाढवायची.